सेंट अँड्र्यूजची जमीन आणि माझी काठी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाला रेल्वे नाही. होती ती १९६९ साली बंद पडली. आता लूखर्स नावाच्या स्टेशनावर उतरून मोटारीने चार-पाच मैल जावे लागते, नाही तर डंडीहून बस धरावी, टे नदीच्या मुखावरचा लांबलचक पूल ओलांडावा आणि अर्ध्या-पाऊण तासात पोचावे. गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १४१३ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. समुद्राच्या काठावर एका पडक्या कॅथीड्रलचे सुळके आभाळात घुसलेले आहेत. 'चॅरिअट्स ऑफ फायर' या १९८१ सालच्या चित्रपटात पांढऱ्या कपड्यांतली पोरे जिच्यावरून धावतात, ती पुळणही येथलीच. पण येणाऱ्यांपैकी कित्येकांना यातले काहीच पाहायचे नसते. पंढरीच्या वाटेवर खांद्याखांद्यावर पताका दिसाव्यात तशा येथे काठ्यांच्या पिशव्या दिसतात, आणि त्या पिशव्यांचे मालक एकाच दिशेने चालत असतात. गावाच्या एका टोकाला घरे एकदम संपतात, हिरवळ सुरू होते आणि ती समुद्रापर्यंत जाते. ते ओल्ड कोर्स. जगातले सारे गोल्फ या जागेला आपले माहेर मानते.

२०२४ च्या मे महिन्यात मी या वारीत सामील झालो. माझी मुलगी डंडीला असते. डंडी हे एके काळी तागाचे शहर. बंगालचा ताग येथल्या गिरण्यांत येई आणि येथली माणसे कलकत्त्याच्या गिरण्या चालवायला जात. जाताना ही माणसे सोबत काठ्या आणि चेंडूही नेत असली पाहिजेत. कारण ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. असो. मुलीला भेटायला गेलो होतो हे खरे. पण पिशवीही नेली होती, हेही तितकेच खरे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा गोल्फशी संबंध नाशिकच्या 'गोल्फ क्लब मैदाना'पुरता असेल, आणि तेथे तर लोक क्रिकेट खेळत आले! आता त्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तेव्हा दोन शब्द या खेळाविषयी सांगणे भाग आहे. एका जागेवरून चेंडू मारायचा, तो दोन-चारशे यार्डांवरच्या हिरवळीतल्या भोकात घालायचा. असे अठरा वेळा करायचे. फटके जितके कमी तितके चांगले. पिशवीत काठ्या चौदाच ठेवता येतात. लांब मारायच्या काठ्या वेगळ्या, भोकात ढकलायची काठी वेगळी. आणि या दोहोंच्या मधले, म्हणजे शेवटच्या शंभर यार्डांतले जे नाजूक काम, ते वेजचे. वेज म्हणजे हॉटेलच्या पाटीवरचे 'व्हेज' नव्हे. वेज म्हणजे पाचर. चेंडू आणि जमीन यांच्यामध्ये शिरून चेंडूला वर उचलणारी लोखंडी पाचर.

या पाचरीची मला एवढी काळजी का, तेही सांगतो. माझे वय सदुसष्ट. २०२१ साली उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण हात कानाच्या वर न्यायचा नाही, या अटीवर. आता असे पाहा, हात कानाच्या वर गेला नाही तर चेंडू लांब जात नाही. पूर्वी मी दोन फटक्यांत हिरवळ गाठत असे. आता तीन मारले तरी साठ पावले उरतात. म्हणजे माझा सगळा खेळ त्या शेवटच्या साठ पावलांत येऊन राहिला आहे. तेथून चेंडू भोकाशेजारी पडला तर मित्रांच्या चौकडीत मला जागा आहे. नाही तर पिशवी माळ्यावर टाकायची आणि सकाळी बागेत जाऊन हास्यक्लबात हसायचे. मित्रांनी तसे आडून सुचवलेही होते. मित्र चांगले असले म्हणजे आडून सुचवतात.

ओल्ड कोर्सवर खेळायचे तर वशिला लागत नाही, हे ऐकून आपल्याकडचा माणूस चकित होतो. ती जमीन कुणा क्लबाच्या मालकीची नाही. गावाची आहे, आणि १९७४ सालच्या पार्लमेंटच्या एका कायद्याने नेमलेला विश्वस्त निधी तिची व्यवस्था पाहतो. दोन दिवस आधी नावे द्यायची, चिठ्ठ्या निघतात, नशीब असेल तर नंबर लागतो. निदान दोन खेळाडू हवेत. माझ्याबरोबर मुलीच्या शेजारचे एक निवृत्त स्कॉच गृहस्थ नाव द्यायला तयार झाले. चार दिवस आमचे नाव निघाले नाही. पाचव्या दिवशी, शनिवारी, निघाले. सोमवारी दुपारची वेळ मिळाली. मध्ये रविवार होता, आणि हा रविवारच माझ्या फार उपयोगी पडला.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. मोठ्या स्पर्धा असल्या तर गोष्ट वेगळी. एरवी रविवारी ती गावाची बाग होते. माणसे कुत्री घेऊन येतात, म्हाताऱ्या बायका बाबागाड्या ढकलत जातात, पोरे वाळूच्या खड्ड्यांच्या काठावर बसून सँडविच खातात. जगात इतरत्र अशा हिरवळीवर परक्या माणसाने पाय ठेवला तर शिपाई धावून येईल. येथे एक सरकारी रस्ताच पहिल्या आणि अठराव्या पट्ट्यांना आडवा छेदून समुद्राकडे जातो, आणि खेळ चालू असतानासुद्धा लोक दोन्हीकडे बघून तो ओलांडतात.

स्विल्कन नावाच्या ओढ्यावर एक दगडी पूल आहे. पूल कसला, साकवच तो. आमच्या कोकणात परसातल्या पऱ्ह्यावर याहून मोठा असतो. पण जॅक निकलसने २००५ साली या पुलावर उभे राहून खेळाचा निरोप घेतला, आणि आता प्रत्येक प्रवासी तेथे उभा राहून हात हलवीत फोटो काढतो. पायांनी गवत मरते म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत पुलाच्या तोंडाशी गोल फरशी बसवली, तर जगभरातून असा गिल्ला झाला की थोड्याच दिवसांत ती उखडावी लागली. मीही फोटो काढला. मुलगी म्हणाली, "बाबा, पोट आत घ्या." घेतले.

मग मी बूट-मोजे काढून त्या हिरवळीवर अनवाणी चालू लागलो.

"बाबा, लोक बघताहेत!"

"बघू देत. अगं, देवळात कुणी बूट घालून जातं का?"

तिला मी थट्टा करतो आहे असे वाटले. पण मला जमीन पाहायची होती, आणि जमीन पायांनी जितकी कळते तितकी डोळ्यांनी कळत नाही. सारवलेल्या अंगणावर पातळ सतरंजी टाकावी तशी ती जमीन लागली. वरचे गवत तलम, केसासारखे बारीक, अगदी आखूड. आणि खाली टणक. टाच दाबली तरी रुतत नव्हती. समुद्र मागे हटत गेला तेव्हा सोडून गेलेल्या वाळूवर हे गवत वाढले आहे. पाऊस पडतो तो वाळूतून निथळून जातो, चिखल असा होतच नाही. शेतीला ही जमीन नालायक. म्हणून येथे मेंढ्या चरल्या, ससे नांदले आणि माणसांनी चेंडू मारले. वाऱ्यापासून आडोसा शोधीत मेंढ्या जेथे बसत तेथे खड्डे पडले, त्यांतूनच वाळूचे बंकर झाले असे सांगतात. असे एकशे बारा खड्डे या एका मैदानात आहेत.

आता आमचे पुणे आठवा. येरवड्याच्या मैदानावर मी पंचवीस वर्षे खेळतो आहे. तेथले गवत हरळीचे, म्हणजे गणपतीला आपण वाहतो त्याच दूर्वा. इंग्रज तिला बर्म्युडा गवत म्हणतात आणि आपणही हल्ली मोठ्या कौतुकाने तसेच म्हणतो. हरळी जाड, चिवट, धावत्या काड्यांची. तिच्यावर चेंडू गादीवर बसल्यासारखा वर बसतो. पावसाळ्यात खालची माती लोण्यासारखी होते. त्या जमिनीवर मी जी वेज चालवली, तीच येथे पिशवीतून आणली होती: छप्पन्न अंशांची, आणि तळव्याला चौदा अंशांचा बाउन्स असलेली.

हा बाउन्स म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण दुकानात गेले की पहिला आकडा सगळे विचारतात आणि दुसरा कुणी विचारीत नाही. काठीवर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला तोंडाच्या कलाचा. छप्पन्न म्हणजे तोंड तितके आभाळाकडे वळलेले. आकडा मोठा तितका चेंडू उंच आणि जवळ. दुसरा आकडा तळव्याचा. वेज जमिनीवर टेकवून बाजूने पाहा. तळव्याचा मागला भाग पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेला दिसेल. हा जो उतार, तो बाउन्स. आपण लहानपणी तळ्यावर चपटे दगड फेकून भाकऱ्या काढीत असू. दगडाचे नाक जरा वर असले म्हणजे तो पाण्यावरून टप्पे घेत जातो, नाक खाली झाले की बुडतो. वेजचे तसेच आहे. बाउन्स जास्त असला की तळवा मऊ माती आणि वाळू यांवरून घसरतो, रुतत नाही. बाउन्स कमी असला की धार कालथ्यासारखी थेट खाली शिरते. तव्यावरचे थालीपीठ उलटायला पातळ कालथाच हवा; जाड बुडाचा डाव घेतलात तर थालीपीठाचा चुरा होईल. पण त्याच पातळ कालथ्याने शिऱ्याचा गोळा उचलू म्हणाल तर तो नुसता आत घुसतो.

टणक जमिनीवर जाड बुडाची काठी आपटली की ती उसळते, पुढची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सरपटत हिरवळीच्या पार पलीकडे जातो. मऊ जमिनीवर पातळ धारेची काठी नांगराच्या फाळासारखी रुतते. मातीचा ढेकूळ चेंडूपेक्षा पुढे जाऊन पडतो. तेव्हा कोणती वेज चांगली, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या जमिनीवर, असे आधी विचारायला हवे. आणि दुसरे, कुणाच्या हातात. काही माणसे वेज कुदळीसारखी वरून खाली आणतात, काही केरसुणीसारखी आडवी फिरवतात. कुदळवाल्याला बाउन्स जास्त हवा, म्हणजे कुदळ अडकत नाही. केरसुणीवाल्याला कमी चालतो. खांदा धड होता तोवर मी पक्का कुदळवाला होतो. आता हात वर जातच नाही. माझी नकळत केरसुणी झाली आहे. पिशवीतली ती छप्पन्न अंशांची काठी ज्या माणसासाठी घेतली होती तो माणूस २०२१ सालीच निवृत्त झाला, आणि त्याची काठी मी वापरीत होतो.

दुपारी कॅथीड्रलच्या आवारात गेलो. तेथे टॉम मॉरिस बापलेकांच्या समाध्या आहेत. थोरला टॉम या मैदानाचा रखवालदार, १९०८ साली वारला तेव्हा सत्त्याऐंशीच्या घरात होता. धाकटा टॉम १८६८ ते १८७२ या काळात चार वेळा ओपन स्पर्धा जिंकला आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी गेला. त्याआधी काही महिने बाळंतपणात त्याची बायको गेली होती. समाधीवर चेंडू मारण्याच्या पवित्र्यातली त्याची मूर्ती कोरली आहे. पोरगे देखणे होते. लोक समाधीपाशी चेंडू ठेवून जातात.

वेजच्या कुळकथेत या पोराचे नाव येते. त्या काळी मैदानात बैलगाडीसारख्या गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या असत, आणि चेंडू चाकोरीत पडला तर तो उकरून काढायला इवल्याशा तोंडाची एक लोखंडी काठी असे. अडचणीत वापरायचे हत्यार ते. आपल्याकडे पहार असते तसे. धाकट्या टॉमने ती चाकोरीतून बाहेर काढली आणि चांगल्या गवतावरून चेंडू उंच उडवून हिरवळीवर जागच्या जागी थांबवायला वापरली. पुढे वाळूसाठी जाड तळव्याची काठी लोकप्रिय केली ती अमेरिकेच्या जीन साराझेनने. विमान वर चढताना त्याचे शेपूट खाली झुकते हे पाहून त्याला कल्पना सुचली असे तो सांगत असे. त्याने काठीच्या तळव्याला मागच्या बाजूने शिसे डाखले, आणि १९३२ साली इंग्लंडमध्ये प्रिन्सेस मैदानावर ओपन स्पर्धा जिंकली. गंमत पाहा, एक हत्यार टणक चाकोरीसाठी जन्मले, दुसरे भुसभुशीत वाळूसाठी. आणि आज दोघांची वंशावळ एकाच फळीवर एकाच नावाने मांडून ठेवलेली असते.

ती फळी पाहायला आम्ही मग दुकानात गेलो. दुकानातला तरुण हुशार होता. "तुम्ही शंभर टक्के ताकदीने मारता तेव्हा पिचिंग वेज किती जाते?" असे त्याने प्रथम विचारले. ऐंशी यार्ड, मी म्हणालो. त्याने तोंड वेडेवाकडे केले नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. एरवी दुकानात चार-चार वेज गळ्यात मारतात: चव्वेचाळीस, पन्नास, चोपन्न, साठ. त्यामागे हिशेब आहे, नाही असे नाही. हल्लीच्या लोखंडी काठ्यांची तोंडे पूर्वीपेक्षा उभी झाली आहेत; चेंडू लांब गेला म्हणजे गिऱ्हाईक खूश होते. त्यामुळे पिचिंग वेज चव्वेचाळीस अंशांवर आली आणि तिच्यात नि छप्पन्नात बारा अंशांचे भगदाड पडले. जोरात मारणाऱ्याला ते तीस-चाळीस यार्डांचे भगदाड. ते बुजवायला मधली काठी हवीच. पण माझ्यासारख्याला बारा अंशांत पंचवीस यार्डांचासुद्धा फरक पडत नाही. मला चार वेज म्हणजे एका भाजीला चार चमचे. साठ अंशांची तर मी हातातही धरली नाही. तिला वेग लागतो. मंद हाताने मारली तर चेंडू लाहीसारखा जागच्या जागी वर उडतो आणि पायाशी पडतो.

दुकानात चटईवर चेंडू मारून पाहायची सोय होती. पण चटई खोटे बोलते. काठी चेंडूच्या आधी टेकली तरी चटईवरून ती घसरून पुढे जाते आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. गवतावर तीच काठी रुतली असती. लग्नाच्या मुलाला फक्त फोटोत पाहावे तसे हे. मी तसे बोलून दाखवताच त्या तरुणाने तीन नमुने दिले आणि सरावाच्या मैदानाकडे बोट दाखवले. तेथे खऱ्या गवतावर तासभर मारले. चोपन्न अंशांची, आठ अंश बाउन्सची, टाचेकडून तळवा थोडा घासून घेतलेली एक काठी होती. तिने मारताना आवाज आला नाही. पोळपाटावरून पोळी उचलावी तसा चेंडू उचलला गेला. छप्पन्न-चौदाने त्याच जागेवरून पाच चेंडू मारले, तीन पलीकडच्या झुडपात. मुलगी ते गोळा करून आणीत होती. "हीच घ्या ना, मला पळावं लागत नाही," ती म्हणाली. इतकी नि:पक्षपाती शिफारस मला दुसरीकडे कुठे मिळणार होती!

घासलेल्या टाचेचा उपयोग असा, की तोंड उघडे करून काठी ठेवली तर पुढची धार वर येत नाही, आणि वाळूत हवा तेव्हा बाउन्स वाढवून घेता येतो. एकाच काठीत दोन काठ्या मिळतात म्हणा ना. तोंडावरच्या खाचा मात्र नव्या असल्या पाहिजेत. त्या झिजल्या की चेंडूला फिरकी बसत नाही. २०१० पासून नियमानेच खाचांच्या कडा बोथट केल्या आहेत, त्यात आणखी झीज कशाला? किंमत सांगत नाही. मुलीने दिली, आणि मी फारसा विरोध केला नाही.

संध्याकाळी वाट वाकडी करून आम्ही 'हिमालया'वर गेलो. हसू नका, सेंट अँड्र्यूजला हिमालय आहे. १८६७ साली येथल्या बायकांनी आपला क्लब काढला. चेंडू ढकलण्यापुरताच खेळ, कारण खांद्याच्या वर हात नेणे तेव्हा बायकांना शोभत नसे. त्यांची ती उंचवट्या-खोलगटांची हिरवळ म्हणजे हिमालय. थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येते. खांद्याच्या वर हात न नेणाऱ्यांचा एक जुना आणि प्रतिष्ठित क्लब जगात आहे हे पाहून मला फार बरे वाटले. मुलीने मला तीन फटक्यांनी हरवले.

सोमवारी वारा सुटला होता. पहिल्या फटक्याची जागा अगदी गावाच्या तोंडाशी आहे. मागे क्लबाची दगडी इमारत, कठड्याला टेकून बघणारे रिकामटेकडे लोक. पहिला फटका सरळ गेला, एवढेच सांगतो. तिसऱ्या फटक्यानंतर चेंडू स्विल्कन ओढ्याच्या अलीकडे पन्नास-पंचावन्न यार्डांवर थांबला. पलीकडे लगेच हिरवळ. ओढा आणि हिरवळ यांच्यामध्ये चटई टाकायलाही जागा नाही. गवत भादरल्यासारखे. बरोबरचा कॅडी पिकल्या मिशांचा होता. त्याने नवी काठी हातात घेतली, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिली. मी केरसुणी फिरवली. चेंडू ओढ्यावरून गेला, एकदा उसळला आणि भोकापासून चार पावलांवर थांबला. कॅडीने पिशवी उचलली आणि म्हणाला, "पुढे चला."

सगळे असेच झाले असे समजू नका. बाराव्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर जे खड्डे आहेत ते उभे राहतो तेथून दिसत नाहीत. त्यांतल्या एकात माझा चेंडू गेला. या खड्ड्यांच्या भिंती गवताच्या ढलप्या घोंगड्यांच्या घडीसारख्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, छातीइतक्या उभ्या. तेथे पातळ तळव्याची उणीव दिसली. तोंड उघडे केले, तरी पहिल्या फटक्याला वाळू फार आली. दुसऱ्याला चेंडू बाहेर आला तो मागच्या बाजूने. मोठमोठ्यांची येथे दैना झाली आहे. चौदाव्यावरच्या 'नरक' खड्ड्यात निकलसला १९९५ साली बाहेर यायला चार फटके लागले. सतराव्यावरच्या रस्त्याकडच्या खड्ड्यात जपानच्या नाकाजिमाने १९७८ साली सारी स्पर्धा घालवली. उलट २००० साली टायगर वुड्स चार दिवस खेळला आणि एकशे बारांपैकी एकाही खड्ड्यात गेला नाही. वाळूत कोणती वेज वापरावी, हा प्रश्न त्याने सोडवला तो असा.

अठराव्या हिरवळीपुढे एक खोलगट जागा आहे, तिला 'पापाची दरी' म्हणतात. माझा चेंडू तेथे जाऊन बसला. मी मोठ्या उत्साहाने नव्या काठीकडे हात नेला. कॅडीने पिशवी मागे घेतली आणि हिरवळीवरची ढकलायची काठी, पटर, पुढे केली. १९९५ साली इटलीचा रोक्का याच दरीच्या काठावर होता. शेवटचा पट्टा, दोन फटक्यांत भोकात घातला तर बरोबरी. त्याने वेजने हलकेच मारायला घेतले आणि चेंडू चार पावले जाऊन दरीत परत आला. मग त्याने पटर काढली आणि साठेक फुटांवरून, दरीतून वर, थेट भोकात घातला, आणि गुडघे टेकून जमिनीवर पालथा पडला. पुढे जादा खेळात जॉन डेलीने त्याला हरवले ते निराळे. ही गोष्ट कॅडीने मला सांगितली नाही. सांगायची गरजच नव्हती. मी पटर घेतली. चेंडू दरी चढून वर गेला आणि हातभर अंतरावर थांबला.

एकशे तेरा फटके झाले. कुणाला सांगू नये असा आकडा. पण साठ यार्डांच्या आतून मी सात वेळा दोन फटक्यांत काम संपवले, आणि हा आकडा मी पुण्यात सगळ्यांना सांगितला आहे. चौकडीत माझी जागा तूर्त आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येरवड्याला गेलो तेव्हा पहिला पाऊस होऊन गेला होता. आमच्या कॅडीने नवी काठी उलटी करून पाहिली. सेंट अँड्र्यूजच्या मिशाळ कॅडीसारखाच त्याने अंगठा फिरवला; फक्त हा बोलला.

"साहेब, ही उन्हाळ्याची काठी. आता चालायची नाही."

"मग?"

"जुनी कुठंय?"

जुनी घरी होती. दुसऱ्या दिवशी नेली. आषाढापासून आश्विनापर्यंत छप्पन्न-चौदा, जमीन वाळली की चोपन्न-आठ, असा आता क्रम बसला आहे. जुनीचा तळवा मऊ मातीवरून घसरतो, आणि खांद्याला झटका बसत नाही म्हणून डॉक्टरही खूश आहेत. दिवाळीच्या सुमारास मी रोज विचारतो, काठी बदलू का? कॅडी सातव्या पट्ट्यावरच्या सखल जागी जातो, चप्पल काढून टाच दाबून पाहतो आणि म्हणतो, "अजून आठ दिवस थांबा."